गजबजलेल्या रस्त्याचं रुंदीकरण: आराखडा कसा करावा, पायरीपायरीने

रुंदीकरणाचा पहिला आराखडा करणारे बहुतेक जण नकाशावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना समांतर रेघा ओढतात आणि मधली जागा डांबराची समजतात. पण भरगच्च रस्त्यावरून तासाला किती वाहनं पुढे सरकतील हे चौकात, कडेला आणि जमिनीखाली ठरतं. या तीन ठिकाणांचा हिशेब आधी आणि डांबराचा शेवटी, या क्रमाने हा लेख लिहिला आहे. कायदा आणि मानकं जागेप्रमाणे बदलतात, ती आपापल्या ठिकाणची पाहावीत. गणित मात्र सगळीकडे सारखंच आहे.

पायरी १: अडतंय नेमकं कुठे?

मोजणीची पथकं नेमण्याआधी स्वतः रस्त्यावर उतरा. गर्दीच्या वेळी वाहतुकीच्या ओघातच गाडी चालवत प्रत्येक दिशेने किमान सहा फेऱ्या करा आणि मोबाइलच्या जीपीएसवर वेळ नोंदवत राहा. मग रस्त्याचे शंभर-शंभर मीटरचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात किती सेकंद गेले आणि कशामुळे गेले, याचा तक्ता करा. कारण लिहिताना ‘गर्दी’ हा शब्द वापरू नका, त्यातून काहीच कळत नाही. ‘थांब्यावरची बस लेन अडवते’, ‘दुकानासमोर दुहेरी पार्किंग’, ‘वळणाऱ्यांची रांग सरळ जाणाऱ्यांच्या लेनमध्ये येते’ असं स्पष्ट लिहा.

हा तक्ता भरला की बहुतेक वेळा दिसतं की वाया जाणारा बराचसा वेळ दोन-चार ठिकाणीच जातो. ती ठिकाणं सोडून सबंध लांबी रुंद करणं म्हणजे गळका नळ तसाच ठेवून टाकी मोठी करणं.

पायरी २: मोजणी, आणि तिच्यातली फसगत

वाहनांच्या प्रकारांनुसार, दर १५ मिनिटांचा वेगळा आकडा घेत मोजा. चौकात प्रत्येक बाजूने येणाऱ्यांपैकी किती सरळ गेले, किती वळले हे वेगळं लिहा. एका दिवशी १६ तास, आणखी दोन-तीन कामाच्या दिवशी फक्त गर्दीचे तास आणि एक सुट्टीचा दिवस, एवढं किमान हवं. सणासुदीचा किंवा परीक्षांचा आठवडा टाळा. शक्य असेल तर रस्त्याच्या मधल्या एका ठिकाणी सलग सात दिवस यंत्राने मोजणी ठेवा, म्हणजे हाताने मोजलेला दिवस नेहमीसारखा होता की वेगळा ते कळतं.

आता फसगत. थांबारेषेपाशी उभं राहून मोजलं की पलीकडे गेलेली वाहनं मोजली जातात, जायला निघालेली नाहीत. सिग्नल ठासून भरलेला असेल तर हा आकडा त्या सिग्नलच्या क्षमतेचा असतो, मागणीचा नव्हे. म्हणून दर १५ मिनिटांच्या सुरुवातीला रांगेत किती वाहनं उभी आहेत तेही लिहा. पलीकडे ३०० वाहनं गेली आणि रांग ४० वरून ७० वर पोचली, तर मागणी ३३० धरायची. हे न करता आखलेले चौक पहिल्याच दिवशी भरतात.

वेगवेगळी वाहनं एका मापात आणायला पीसीयू (पॅसेंजर कार युनिट, म्हणजे एका मोटारीएवढं माप) वापरतात. मोटार एक, बस साधारण दोन ते तीन, दुचाकी अर्ध्याच्या आसपास. थांबारेषेवर दुचाक्या मोटारींच्या फटीत शिरतात, तिथे त्यांचं वजन आणखी कमी होतं. म्हणून मधल्या रस्त्याचा गुणक चौकाच्या गणितात जसाच्या तसा घालू नका.

माणसंही मोजा. फूटपाथवर किती चालतात, रस्ता नेमका कुठून ओलांडतात (पट्ट्यांवरून नव्हे, प्रत्यक्षात), बसमध्ये अंदाजे किती आहेत. उभ्या गाड्यांची दर अर्ध्या तासाने नोंद घ्या. कुठली गाडी किती वेळ थांबते हे कळल्याशिवाय पार्किंगबद्दल कुणाशीही बोलता येत नाही. माल उतरवणारे टेम्पो वेगळे लिहा, त्यांना दुसरीकडे हलवणं सगळ्यांत अवघड असतं.

पायरी ३: चौकाचं गणित

इथे घाई करू नका. सिग्नल हिरवा असताना एका लेनमधून तासाला सुमारे १८०० ते १९०० पीसीयू जाऊ शकतात. पण हिरवा दिवा तासभर नसतो. एका दिशेला ४० टक्के वेळ मिळत असेल तर एका लेनची क्षमता ७२० ते ७६० उरते. म्हणजे दोन लेनचा मधला रस्ता तासाला ३६०० नेऊ शकत असला तरी पुढचा चौक जेमतेम १५०० सोडतो. मध्ये तिसरी लेन घातली तर उभं राहायला जागा वाढते, इतकंच. तीच लेन थांबारेषेपाशी दिली तर तासाला आणखी सातशे-साडेसातशे सुटतात.

मात्र ती लेन पुरेशी लांब हवी. ९० सेकंदांच्या चक्रात ३६ सेकंद हिरवा असेल तर दर लेनमधून सुमारे १८ गाड्या सुटतात. रांगेतल्या एका गाडीला मागच्या फटीसह ७ मीटर धरले तर १२६ मीटर झाले. जादा लेन फक्त ५० मीटरची असेल तर सातेक गाड्या गेल्या की ती रिकामी पडते आणि उरलेला हिरवा वेळ वाया जातो. चौक ओलांडल्यावरही तीच काळजी. तीन लेनमधून सुटलेल्यांना पलीकडे लगेच दोन लेनमध्ये कोंबलं तर रांग चौकातच अडकते. लेन कमी करताना निमुळता भाग किती लांब ठेवायचा याचं ताशी ६० किलोमीटरपर्यंत चालणारं एक सूत्र आहे: लेनची रुंदी गुणिले वेगाचा वर्ग, भागिले १५५. ३.३ मीटरची लेन आणि ताशी ५० किलोमीटर वेग असेल तर ५३ मीटर. त्याच्या आधी पूर्ण रुंदीचा सरळ तुकडा वेगळा द्यायचा.

सिग्नलचं चक्र ठरवायला १९५८ मध्ये ब्रिटिश वाहतूक संशोधक वेबस्टर यांनी मांडलेलं सूत्र अजूनही पहिल्या अंदाजाला पुरतं. चक्रात वाया जाणाऱ्या सेकंदांची दीडपट करा, त्यात ५ मिळवा आणि एकातून चौकावरचा एकूण भार वजा करून येणाऱ्या संख्येने भागा. हा भार म्हणजे प्रत्येक टप्प्यातल्या सर्वांत भरलेल्या लेनमधली वाहतूक भागिले तिची १८००-१९०० ची मर्यादा, आणि अशा सगळ्या टप्प्यांची बेरीज. वाया १२ सेकंद आणि भार ०.७५ असेल तर चक्र ९२ सेकंदांचं. भार ०.८५ झाला की तेच १५३ सेकंद होतं. इतका वेळ पायी माणूस थांबत नाही, लाल दिव्यातच निघतो. म्हणून उत्तर १२० च्या वर जायला लागलं की चक्र लांबवू नका, त्या चौकाच्या भुजा रुंद करा किंवा एखादं वळण बंद करून वाहतूक पुढच्या चौकातून फिरवा.

रुंदीकरणाची किंमत चौकातही मोजावी लागते. सेकंदाला १.२ मीटर वेगाने १४ मीटर ओलांडायला सुमारे पावणेबारा सेकंद लागतात, २१ मीटरला साडेसतरा. वाढलेले पावणेसहा सेकंद प्रत्येक चक्रात आडव्या दिशेच्या हिरव्या वेळात धरावे लागतात. वृद्धांसाठी वेग सेकंदाला १ मीटरच धरा. मध्ये दोन मीटरचा थांबा दिला तर ओलांडणं दोन हप्त्यांत करता येतं. सिग्नल नसलेल्या ठिकाणी तर हा थांबा जीव वाचवतो. दोन लेनपैकी जवळच्या लेनमधली गाडी थांबते, तिच्या आडोशामुळे पलीकडच्या लेनमधल्या चालकाला माणूस दिसत नाही आणि धडक बसते. प्रत्येक जादा लेनसोबत हा धोका येतो आणि आराखड्यात तो दिसत नाही.

पायरी ४: रुंदीकरण न करता काय साधतं ते लिहून काढा

आराखड्यात तीन पर्याय ठेवा: काहीच न करणं, फक्त चौक, पार्किंग आणि बसथांबे सुधारणं, आणि पूर्ण रुंदीकरण. तिघांनाही एकच मागणी लावून तुलना करा. दुसरा पर्याय बऱ्याचदा अर्ध्याहून जास्त काम करतो आणि त्याला जमीन लागत नाही.

पूर्ण रुंदीकरणाच्या पर्यायात वाहतूक आहे तेवढीच राहील असं धरू नका. रस्ता मोकळा झाला की दुसऱ्या वेळी, दुसऱ्या वाटेने किंवा बसने जाणारे तिकडे वळतात. अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी हे १९६२ मध्येच मांडलं होतं. ड्युरांटन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकी शहरांच्या आकडेवारीवरून दाखवलं की महामार्गांची लेन-लांबी ज्या प्रमाणात वाढते, जवळपास त्याच प्रमाणात वाहनांची धावही वाढते. अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा केटी फ्रीवे हा महामार्ग २००८ मध्ये रुंद झाला, काही ठिकाणी सेवारस्ते धरून २६ लेनचा. २०११ ते २०१४ मध्ये तिथला गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला. उलट दक्षिण कोरियाच्या सोल शहरात चोंग्येचोन ओढ्यावरचा उन्नत मार्ग २००३ पासून पाडून २००५ मध्ये ओढा खुला केला गेला, त्याच काळात बससेवेची फेररचना झाली आणि शहर चालू राहिलं. यावरून रुंदीकरण कधीच करू नये असं ठरत नाही. पण वाढलेली जागा कुणाला द्यायची हे लिहून ठेवावं लागतं. मिश्र वाहतुकीच्या एका लेनमधून तासाला हजार-दीड हजार माणसं जातात. तेवढ्याच रुंदीच्या, सतत बस धावणाऱ्या राखीव लेनमधून त्याच्या कित्येक पट.

पायरी ५: आडवा छेद बाहेरून आत आखा

आडवा छेद म्हणजे एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत रस्त्याची रुंदी कशी वाटली त्याचं चित्र. रूढ पद्धतीत मधल्या लेन आधी आखतात आणि उरलेलं फूटपाथला जातं. तुम्ही उलट करा. दर्शनी भिंतीपासून सुरुवात: दारं आणि पायऱ्यांसाठी अर्धा मीटर, चालायला निव्वळ मोकळे १.८ मीटर (चाकांच्या दोन खुर्च्या समोरासमोर जाऊ शकतात), मग खांब, पेट्या, बाकांसाठी १.२ मीटर. फूटपाथ झाला ३.५ मीटर. त्यानंतर सायकल २, आणि पार्किंग, झाडं व बसथांबा यांची मिळून २.२ मीटरची पट्टी. बाहेरची लेन बससाठी ३.३, आतली ३.१. दोन्ही बाजूंची बेरीज २८.२ मीटर. ३० मीटरच्या रस्त्यात मध्ये १.८ मीटरचा दुभाजक उरतो, पायी माणसाला थांबायला तो जेमतेम पुरतो. थोडक्यात, ३० मीटरमध्ये सगळ्यांना जागा द्यायची तर दर दिशेला दोनच लेन बसतात. तिसरी हवी असेल तर कुणाची जागा घेतली ते आराखड्यात स्पष्ट लिहा.

सगळ्या लेन ३.५ मीटरच्या करण्याचा आग्रह होतो. वर दिलेल्या छेदात त्याने १.२ मीटर जातात, म्हणजे एका बाजूची खांबांची अख्खी पट्टी. मग खांब चालण्याच्या जागेत येतात. शिवाय रुंद लेनमध्ये रात्री वेग वाढतो.

पायरी ६: कुठल्या बाजूने वाढवायचा?

दोन्ही बाजूंनी थोडं थोडं घेतलं की न्याय झाल्यासारखा वाटतो, पण दोन्हीकडच्या वाहिन्या हलवाव्या लागतात आणि दोन्हीकडच्या इमारतींना धक्का लागतो. एकाच बाजूने घेतलं तर हे निम्म्यावर येतं, मात्र रस्त्याचा माथा, म्हणजे जिथून दोन्हीकडे उतार सुरू होतो ती उंच रेघ, सरकतो.

उदाहरण घ्या. १४ मीटरचा रस्ता, माथा मध्यावर, आडवा उतार अडीच टक्के. म्हणजे कडा माथ्यापेक्षा साडेसतरा सेंटिमीटर खाली. उजवीकडे ७ मीटर वाढवले आणि उतार तसाच पुढे नेला तर नवी कड जुन्या कडेपेक्षा आणखी साडेसतरा सेंटिमीटर खाली जाते. माथा नव्या मध्यावर न्यायचा ठरवला तर तो ३.५ मीटर सरकतो आणि तिथे जुन्या डांबरावर साडेसतरा सेंटिमीटर जाडीचा भर घालावा लागतो. पहिल्यात पाणी एकाच कडेला दुप्पट रुंदीवरून येतं, दुसऱ्यात डांबराचं परिमाण अंदाजपत्रकाबाहेर जातं. कुठलाही निवडा, पण निविदेआधी निवडा. त्यासाठी दर १० ते २० मीटरवर आडवे छेद घ्या, आणि त्यात प्रत्येक दाराच्या उंबरठ्याची पातळीही घ्या. ती घ्यायची राहून गेली की रस्ता उंबऱ्याच्या वर जातो आणि पहिल्या जोरदार पावसात घरात पाणी शिरतं.

जमिनीची मोजणी भूखंडवार करा. नोंदीतली हद्द, जागेवरचं कुंपण आणि प्रत्यक्ष वापर, तिन्ही वेगवेगळे निघतात. इमारतीचा दर्शनी भाग कापायचा असेल तर रेघ खांबातून, जिन्यातून की नुसत्या छज्ज्यातून जाते हे रचना अभियंत्याला दाखवा. अर्धा मीटर रेघ सरकवल्याने अख्खी इमारत वाचते असं बऱ्याचदा दिसतं. मालकांसोबत भाडेकरू आणि कडेला व्यवसाय करणारेही बाधित असतात. त्यांची यादी पहिल्याच सर्वेक्षणात करा. जाहीर झाल्यावर केलेल्या यादीवर भांडणं होतात, आणि खऱ्या गरजवंताचं नाव नेमकं त्यातूनच सुटतं.

जमिनीचा मोठा सलग हिस्सा ताब्यात आल्याशिवाय निविदा काढू नका. चौकापाशी एक भूखंड जरी अडला तरी तिथे गळा तयार होतो, आणि पुढच्या-मागच्या रुंद तुकड्यांचा उपयोग तो सुटेपर्यंत शून्य.

पायरी ७: जमिनीखाली

वेळापत्रक सर्वांत जास्त इथेच कोसळतं. प्रत्येक खात्याकडून नकाशे मागवा, पण त्यावर विसंबू नका. कागदावर सरळ दिसणारी जलवाहिनी जागेवर झाडाला वळसा घालून गेलेली असते. झाकणं, व्हॉल्व्ह, खांब यांची जागेवर नोंद घ्या, केबल शोधक आणि भूवेधी रडार फिरवा आणि मग हाताने खोदलेल्या चाचणी खड्ड्यांनी खात्री करा. रडारला धातू चांगला दिसतो, ओल्या चिकणमातीत मात्र ते फार खोल पाहू शकत नाही. प्रत्येक चौकात आणि वाहिन्या एकमेकींना छेदतात तिथे खड्डा घ्याच.

प्रत्येक वाहिनीसमोर तीनपैकी एक निर्णय लिहा: जागीच ठेवायची, संरक्षण द्यायचं की हलवायची. आधी फूटपाथखाली असलेली वाहिनी आता चाकांखाली येणार. तिच्यावर साधारण एक मीटर आवरण नसेल तर काँक्रीटचं कवच द्या किंवा हलवा. हलवताना सर्वांत खोल ती आधी: मलवाहिनी, पावसाचं पाणी, जलवाहिनी, मग वीज आणि दूरसंचार. मलवाहिनी उतारावर चालते, तिला वर-खाली करता येत नाही. बाकीच्यांनी तिच्याभोवती जुळवून घ्यायचं. रस्त्याखालून आडवे रिकामे पाइप आत्ताच टाकून ठेवा, म्हणजे नवी केबल आली की नवं डांबर फोडावं लागणार नाही. चेंबरची झाकणं चाकांच्या वाटेत येऊ देऊ नका. चाकं लेनच्या मध्यापासून दोन्हीकडे पाऊण ते एक मीटरवर चालतात, झाकण लेनच्या मध्यावर किंवा पट्ट्याजवळ घ्या.

पायरी ८: पाणी आणि झाडं

७ मीटर रुंद आणि एक किलोमीटर लांब वाढ म्हणजे ०.७ हेक्टर. ताशी ६० मिलिमीटर पावसात डांबरावरून (गुणक ०.९, म्हणजे पडलेल्या पाण्यापैकी ९० टक्के वाहून जातं) सेकंदाला १०५ लीटर पाणी वाहतं. तिथेच आधी माती-अंगणं असतील (गुणक ०.४) तर ४७ लीटर वाहत होतं. हा फरक जुन्या गटारात मावतो का ते पुढच्या नाल्यापर्यंत तपासा, फक्त कामाच्या हद्दीपर्यंत नाही. जुन्या कडेच्या जाळ्या आता लेनच्या मध्ये येतात, त्या बंद करून नव्या कडेला द्या.

झाडांचा संरक्षित मुळांचा परीघ खोडाच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येचा धरतात. ५० सेंटिमीटर खोडाला ६ मीटर. त्या वर्तुळात खोल खोदाई झाली तर झाड लगेच पडत नाही, दोन-तीन वर्षांत वाळतं किंवा वादळात उन्मळतं. पार्किंगच्या पट्टीत किंवा दुभाजकात किती झाडं जागीच बसतात ते पाहून मगच रेघ पक्की करा. जुनी मोठी झाडं तोडून लावलेली रोपं तुमच्या प्रकल्पाच्या आयुष्यात तेवढी सावली देत नाहीत.

पायरी ९: जुन्या-नव्याचा सांधा

रुंद केलेल्या रस्त्यावर दोन वर्षांनी जी लांबच लांब भेग दिसते, ती जवळपास नेहमी या सांध्यावर असते. जुना भाग वर्षानुवर्षांच्या वाहतुकीने दबलेला, नवा अजून बसायचा. त्यावर उपाय असे:

– जुनी कड सरळ कापून सुमारे ३० सेंटिमीटरच्या पायऱ्या करा, म्हणजे प्रत्येक थर जुन्यात गुंतेल.
– मातीचे थर दबल्यावर २० सेंटिमीटरपेक्षा जाड नकोत. वरच्या अर्ध्या मीटरला प्रयोगशाळेतल्या प्रॉक्टर चाचणीत (माती ठोकून दाबण्याची चाचणी) मिळालेल्या कमाल घनतेच्या ९७ टक्के घनता मिळाली का ते जागेवर मोजा.
– पट्टी सव्वा मीटरची असेल तर सुमारे दोन मीटर रुंद रोलर तिथे उतरतच नाही. जुना रस्ता आणखी मीटरभर कापून जागा करा.
– सांधा लेनच्या पट्ट्याखाली आणा.
– शेवटचा डांबरी थर जुन्या-नव्यावर एकत्र घाला.

पाण्याची एक खुबी लक्षात ठेवा. नव्या पट्टीतला निचऱ्याचा थर जुन्याच्या तळापेक्षा वर असेल तर जुन्या रस्त्याखालचं पाणी मातीच्या भिंतीमागे कोंडतं आणि जुनाच भाग आधी खचतो. म्हणून जुन्या थरांची जाडी खड्डे घेऊन मोजा, आणि नव्याचा तळ तेवढाच किंवा थोडा खाली ठेवून पाणी बाहेरच्या गटारात काढा.

पायरी १०: चालू रस्त्यावर काम

२०० ते ३०० मीटरचे तुकडे घ्या. एका तुकड्यातल्या वाहिन्या, गटार, खडी आणि डांबर पुरं झाल्याशिवाय पुढचा उघडू नका. सगळा रस्ता एकदम खोदला की कंत्राटदाराला सोयीचं होतं, बाकी सगळ्यांचे हाल होतात. आधी वाढीव बाजू बांधायची, वाहतूक तिच्यावर घ्यायची, मग जुनी बाजू उघडायची. कामाच्या काळात लेन ३ मीटरची चालते. पायी चालणाऱ्यांना मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत दीड मीटरची कठड्यामागची, उजेडाची वाट हवी आणि प्रत्येक दारापर्यंत पोचायला भक्कम फळी. वीज-पाण्याची जोडणी बदलण्याची रात्र आधी लेखी कळवा.

सुरक्षा परीक्षण तीनदा करा: आराखड्यावर, सविस्तर नकाशांवर आणि रस्ता खुला करण्याआधी. तिसऱ्या वेळी रात्री आणि पायी चाला. फलकांमागे झाकलेले सिग्नल, उतार नसलेले फूटपाथाचे कोपरे आणि पट्ट्यांवर साचणारं पाणी तेव्हाच दिसतं.

रस्ता खुला झाल्यावर तीन महिन्यांनी आणि वर्षाने, पहिल्या पायरीतला तक्ता त्याच शंभर मीटरच्या तुकड्यांवर, त्याच वेळी पुन्हा भरा. बाहेरच्या लेनमध्ये पार्किंग सुरू झालं असेल तर तुमची एक लेन गेलीच आहे. ती कारवाईने परत मिळवायची की कर्ब (फूटपाथची कड) बाहेर आणून जागा अधिकृतपणे पार्किंगला द्यायची, हा निर्णय त्या तक्त्यावर घ्या. सिग्नलच्या वेळाही याच वेळी नव्या मोजणीवर बदला.